लघवी की केस? अमेरिकेतल्या ट्रकचालकांची अमली पदार्थ तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एका छोट्या वाहतूक कंपनीत ड्रायव्हरांच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. आमचे बहुतेक ड्रायव्हर पंजाबी, मराठी माणूस क्वचितच दिसतो. तरी ओळखीतून फोन येतात. एकाची आयटीतली नोकरी गेली म्हणून तो ट्रकचं लायसन्स काढायला निघालेला असतो, तर दुसऱ्याचा भाचा कॅनडातून माल घेऊन सीमा ओलांडणारा असतो. दोघांचे प्रश्न साधारण सारखेच. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो आहे.

लघवीची आणि केसांची तपासणी यांत मूळ फरक काय?

दोघी वेगवेगळे प्रश्न विचारतात. लघवी विचारते, "गेल्या दोन-चार दिवसांत काय घेतलंस?" केस विचारतात, "गेल्या तीन महिन्यांत तुझी सवय काय होती?" "आत्ता स्टिअरिंगवर बसताना तू नशेत आहेस का?" हा तिसरा प्रश्न मात्र दोघींपैकी एकीलाही विचारता येत नाही. दारूसाठी श्वासाची चाचणी असते, तिच्यात त्या क्षणाचं प्रमाण कळतं. गांजा-कोकेनसाठी तसं यंत्र या नियमांत नाही. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढची निम्मी भांडणं आपोआप समजतात.

सरकारी नियमानुसार कोणती द्यावी लागते?

लघवीची. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमावलीचा भाग ४० नमुना कसा घ्यायचा ते सांगतो. कुणाचा आणि कधी घ्यायचा, हे ट्रक-बसपुरतं भाग ३८२ मध्ये आहे. सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स लागणारी गाडी चालवणारा प्रत्येकजण यात येतो : २६,००१ पौंड (साधारण ११,८०० किलो) किंवा जास्त वजनाची गाडी, चालकासह १६ किंवा जास्त माणसांची बस, किंवा पाटी लावावी लागणारा धोकादायक माल. स्वतःचा एकच ट्रक असलेला मालक-चालकही सुटत नाही. अचानक तपासणीसाठी नावं लॉटरीसारखी काढतात; स्वतःला त्यात स्वतःच निवडता येत नाही, म्हणून त्याला अनेक चालकांच्या एकत्रित गटात नाव घालावं लागतं.

केसांची तपासणी ही कंपनीची स्वतःची, खासगी अट असते. नमुना वेगळा, फॉर्म वेगळा. कंपनीला केस तपासायचे असतील तर खुशाल तपासावेत, पण नोकरीआधीची सरकारी लघवी त्यामुळे टळत नाही.

हे सगळं सुरू कशामुळे झालं?

एका रेल्वे अपघातामुळे. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेस गावाजवळ कॉनरेल या मालगाड्यांच्या कंपनीची मोकळी इंजिनं सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि वेगात येणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. कॉनरेलचा इंजिनचालक आणि त्याचा ब्रेकमन, दोघांनीही गांजा ओढला होता. देशभर संताप उसळला आणि १९९१ साली संसदेने कायदा करून रेल्वे, विमान, ट्रक, बस अशा सगळ्यांना तपासणीच्या कक्षेत आणलं. ट्रकवाले अजून कुरकुरतात की रेल्वेच्या पापाची लघवी आम्ही देतोय.

नेमकं काय शोधतात?

पाच गट : गांजा, कोकेन, अँफेटामिन (यात मेथ आणि एक्स्टसी आलं), अफूजन्य पदार्थ आणि पीसीपी (भ्रम निर्माण करणारं एक रसायन). १ जानेवारी २०१८ पासून अफूच्या गटात हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन अशी डॉक्टरी वेदनाशामकंही आली, कारण तोवर अमेरिकेत गोळ्यांचं व्यसन फार पसरलं होतं. फेंटानिल या अफूसारख्याच कृत्रिम औषधाने हजारोंचे जीव घेतले, पण २०१८ च्या त्या वाढीव यादीत ते नव्हतं.

कुठली वस्तू किती दिवस सापडते?

लघवीत कोकेन आणि मेथ साधारण दोन ते चार दिवस, हेरॉईन-मॉर्फिन एक ते तीन दिवस. गांजा चरबीत साठतो, म्हणून त्याचा हिशेब निराळा. एकदाच ओढलेला तीनेक दिवसांत जातो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभर, कधी त्याहून जास्तही रेंगाळतो.

डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा इंच वाढतो. त्यामुळे टाळूपासून दीड इंच केस घेतला की सुमारे ९० दिवसांची वही हातात येते. मात्र केस त्वचेच्या आत तयार होऊन वर यायला आठवडाभर लागतो. म्हणजे काल रात्री घेतलेलं आजच्या केसात नाहीच.

गंमत बघा. दर शनिवारी कोकेन घेणारा शुक्रवारी लघवीत स्वच्छ निघतो आणि केसात पकडला जातो. उलट, आयुष्यात पहिल्यांदाच परवा काही घेतलेला माणूस लघवीत सापडतो आणि केसात सुटतो. अपघातानंतर केस कापून काही उपयोग नाही, ते याचमुळे. अपघातानंतरच्या तपासणीला मुदत असते : अमली पदार्थांसाठी ३२ तास, दारूसाठी ८ तास.

लघवी देताना नेमकं काय होतं?

ओळखपत्र दाखवायचं, जाकीट-टोपी काढायची, खिसे रिकामे करायचे, हात धुवायचे. संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो आणि नळ बंद असतो, म्हणजे नमुन्यात पाणी घालता येऊ नये. आत तुम्ही एकटेच असता. किमान ४५ मिलिलिटर लागते. ती तुमच्यादेखत दोन बाटल्यांत ओततात, एकीत ३० आणि दुसरीत १५. सील तुमच्यासमोर लावतात आणि तुमची आद्याक्षरं घेतात. सील लागेपर्यंत बाटलीवरची नजर हलवू नका. पुढे वाद झालाच तर ती दुसरी, १५ मिलिलिटरची बाटली तुमचा एकमेव साक्षीदार असते.

नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवं. नसेल तर तुम्ही बाहेरून आणलेली लघवी ओतली असा संशय घेतात, आणि दुसरा नमुना त्याच जागी, माणूस समोर उभा करून घेतात. हा समोर उभा राहण्याचा प्रकार अवघडवाणा असतो, तो शक्यतो ओढवून घेऊ नका.

मला अनोळखी जागी लघवीच होत नाही. काय करू?

तसं लगेच सांगा, पण निघून जाऊ नका. तीन तासांची मुदत मिळते आणि त्या वेळात ४० औंस, म्हणजे सव्वा लिटरच्या आत-बाहेर पाणी पिता येतं. तरीही नाही झाली तर पाच कामाच्या दिवसांत डॉक्टरी तपासणी होते. खरंच शारीरिक किंवा आधीपासून नोंदलेलं मानसिक कारण सापडलं तर ठीक. नाहीतर त्याला 'नकार' म्हणतात, आणि नकाराची किंमत पॉझिटिव्हइतकीच.

आमच्या एका ड्रायव्हरने दोन तास वाट बघितली, ट्रक उभा होता, माल पोचवायचा होता, म्हणून "उद्या येतो" म्हणून तो निघून गेला. झाला नकार. अंगात काहीही नसताना माणूस अडकला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

खूप पाणी पिऊन गेलं तर सगळं धुऊन निघतं म्हणे?

प्रयोगशाळा क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीरातला टाकाऊ घटक) आणि लघवीची घनता मोजते. पातळ निघाली तर 'डायल्यूट' असा शेरा मारतात. क्रिएटिनिन डेसिलिटरला २ ते ५ मिलिग्रॅम असेल तर पुन्हा बोलावतात, तेही लगेच आणि समोर माणूस उभा करून. २ च्याही खाली गेलं आणि घनताही तशीच विचित्र असली, तर ती माणसाची लघवीच नाही असं धरून 'बदललेला नमुना' म्हणतात, म्हणजे पुन्हा नकार. बाजारात पुडीतली कृत्रिम लघवी मिळते, हे कुणापासून लपलेलं नाही. केसांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यात जोरकस म्हणणं हेच, की केस कात्रीने समोर कापतात, तिथे पुडी चालत नाही.

केस किती आणि कसे कापतात?

डोक्याच्या मागच्या बाजूने, टाळूलगत. शंभरेक केसांची बट. नीट कापले तर आरशात दिसतही नाही. नवख्या हाताने कापले तर मात्र उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं.

टक्कल असेल तर? आणि मुंडन केलेलं असेल तर?

छातीचे, काखेतले, पायाचे किंवा दाढीचे केस घेतात. अडचण अशी की अंगावरचे केस एका ठरावीक लांबीपर्यंत वाढून थांबतात, त्यामुळे त्यांत नक्की कोणता काळ साठलाय हे सांगता येत नाही. तो वर्षभरापर्यंतही मागे जाऊ शकतो. म्हणजे ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याचे तीन महिने तपासले जातात, आणि टकल्याचे कदाचित बारा. हा न्याय मला कधीच पटला नाही.

मुंडनाचा प्रश्न आपल्याकडचा खास. वडील गेले म्हणून माणूस गावी जातो, दहावा-तेरावा उरकून परत येतो. त्याला नव्या कंपनीत केस द्यायचे असतात आणि डोकं तुळतुळीत. इथल्या नमुना घेणाऱ्याला त्यात फक्त एवढंच दिसतं : तपासणीच्या तोंडावर उमेदवाराने सफाचट केलं. अशा वेळी आदल्या दिवशीच भरती करणाऱ्याला लेखी कळवा, मृत्यूचा दाखला आणि विमानाचं तिकीट जवळ ठेवा, आणि केस वाढेपर्यंत तारीख पुढे मागा. तिरुपतीला केस दिलेल्यांनाही हेच लागू.

शीख ड्रायव्हर केस कापू देत नाहीत. त्यांचं काय होतं?

यावर मोठं प्रकरण झालं आहे. जे. बी. हंट या देशातल्या बड्या ट्रक कंपनीने केसांची तपासणी नोकरीची अट केली होती. चार शीख अर्जदारांनी धर्मामुळे केस कापू द्यायला नकार दिला आणि त्यांना काम मिळालं नाही. तक्रार नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या केंद्रीय आयोगाकडे गेली. २०१६ साली तडजोड झाली. कंपनीने चौघांना मिळून २,६०,००० डॉलर दिले आणि धर्माच्या कारणाने केस न देणाऱ्यांसाठी पर्याय ठेवायचं कबूल केलं. त्याच्या आधीच, डिसेंबर २०१५ च्या 'फास्ट' कायद्यात संसदेने लिहून ठेवलं होतं की केस कापणं धर्माला मान्य नसलेल्या चालकांना केसांच्या तपासणीतून सूट द्यावी लागेल.

मग कंपन्या केसांच्या एवढ्या मागे का?

एक आकडेवारी सगळीकडे फिरते. ट्रकिंग अलायन्स या बड्या कंपन्यांच्या गटाने १,५१,६६२ अर्जदारांच्या दोन्ही तपासण्या ताडून पाहिल्या. लघवीत नापास झाले ९४९, म्हणजे ०.६ टक्के. केसांत नापास झालेले किंवा केस द्यायला नकार दिलेले १२,८२४, म्हणजे ८.५ टक्के. हे वाचून कुणालाही घाम फुटेल. बारा अर्जदारांत जवळपास एक, आणि सरकारी चाळणी त्याला सोडून देते!

आता थोडं थांबून वाचा. पहिली गोष्ट, तीन दिवसांच्या खिडकीची तीन महिन्यांच्या खिडकीशी तुलना केली तर मोठ्या खिडकीतून जास्त दिसणारच. दुसरी, नकार देणारेही त्याच बेरजेत आहेत. तिसरी, आकडे गोळा करणारा गट स्वतःच केसांच्या बाजूचा. मालक-चालकांची संघटना ओओआयडीए नेमकं यावरच बोट ठेवते आणि विचारते : केस तपासणाऱ्या कंपन्यांचे अपघात न तपासणाऱ्यांपेक्षा कमी आहेत का, ते दाखवा.

मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. ज्याची तारीख आधी माहीत आहे अशा नोकरीपूर्व तपासणीत लघवी म्हणजे आठवडाभर शिस्त पाळण्याची परीक्षा असते. व्यसनी माणूसही आठवडा काढतो. तिथे केस खरोखर जास्त सांगतात. पण चालू नोकरीत, कल्पना न देता होणाऱ्या तपासणीत लघवीचं काम चोख चालतं, तिथे केसांचा हट्ट मला समजत नाही.

माझे केस पॉझिटिव्ह आले, लघवी निगेटिव्ह. आता?

ती कंपनी तुम्हाला घेणार नाही. पण सरकारी नोंदीत काहीच जाणार नाही. ६ जानेवारी २०२० पासून 'क्लिअरिंगहाऊस' नावाची केंद्रीय नोंदवही सुरू आहे. ड्रायव्हर घेण्याआधी प्रत्येक कंपनीला तिच्यात बघावंच लागतं, आणि नंतर दरवर्षी एकदा. त्यात फक्त सरकारी पद्धतीने झालेल्या तपासण्यांचे निकाल जातात. केसांचा निकाल जात नाही. म्हणजे सकाळी एका कंपनीत केसांवरून नाकारलेला माणूस दुपारी शेजारच्या कंपनीत लघवी देऊन कामाला लागू शकतो.

ट्रकिंग अलायन्सचा खरा राग यावर आहे. केसांचे पॉझिटिव्ह निकालही नोंदवहीत घालू द्या, असा अर्ज त्यांनी केला होता. २०२२ च्या अखेरीस तो फेटाळला गेला. कारण तांत्रिक होतं : आरोग्य खात्याने केसांसाठी मानकं ठरवल्याशिवाय आम्हाला तसा अधिकारच नाही, असं परिवहन खात्याच्या ट्रक विभागाने सांगितलं.

मग आरोग्य खातं मानकं का ठरवत नाही?

२०१५ च्या फास्ट कायद्याने त्यांना एका वर्षाची मुदत दिली होती. मसुदा आला सप्टेंबर २०२० मध्ये. २०२४ संपलं तरी अंतिम नियम नव्हता.

त्या मसुद्यात एक अट आहे, आणि सगळा गुंता तिथेच अडकलाय. केस पॉझिटिव्ह आले तरी तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह ठरवायचं नाही, सोबत लघवीसारखा दुसरा मान्य नमुनाही तपासायचा. कंपन्या म्हणाल्या, मग केस कशाला? महिन्यापूर्वीचं कोकेन लघवीत दिसणारच नाही! त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण अट घालणाऱ्यांनाही वेड लागलं नव्हतं. त्यांची भीती पुढच्या प्रश्नात आहे.

काळ्या केसांवर अन्याय होतो, हे खरं का?

कोकेन, अँफेटामिन, कोडीन यांसारखे रेणू केसातल्या मेलॅनिनला चिकटतात. गडद केसांत मेलॅनिन जास्त. दोन माणसांनी सारखंच घेतलं, तरी काळ्या केसांत ते जास्त प्रमाणात सापडू शकतं आणि सोनेरी केसांत कमी. गांजाच्या ज्या घटकाची चाचणी करतात तो असा चिकटत नाही, त्यामुळे रंगाचा हा आक्षेप गांजाला फारसा लागू होत नाही. आपले भारतीय केस कोणत्या रंगाचे हे सांगायला नको.

याची कोर्टबाजी बोस्टनच्या पोलिसांनी केली. तिथे १९९९ पासून पोलिसांचे केस तपासत. पॉझिटिव्ह येणारे फार थोडे होते, पण त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा ठळक जास्त. काही कृष्णवर्णीय अधिकारी २००५ साली कोर्टात गेले. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मान्य केलं की हा फरक योगायोगाने पडलेला नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की केस पॉझिटिव्ह आल्यावर पुढे लघवीच्या तपासण्या घेणं हा कमी भेदभावाचा पर्याय ठरू शकतो, त्यामुळे प्रकरण मोडीत काढता येणार नाही. आता आरोग्य खात्याच्या मसुद्यातली ती जोड-नमुन्याची अट पुन्हा वाचा. तीच कल्पना आहे.

माणूस खोटा पॉझिटिव्ह ठरतो असा याचा सरसकट अर्थ नाही. न घेतलेलं कोकेन मेलॅनिन तयार करत नाही. पण सीमारेषेवरच्या माणसाला केसांच्या रंगामुळे रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकलं, तर ती रेषा सगळ्यांसाठी सारखी राहत नाही.

रूममेट खोलीत ओढतो. त्याच्या धुराने माझे केस पॉझिटिव्ह येतील का?

केसांवर बाहेरून थर बसतो, हे खरं. म्हणून प्रयोगशाळा आधी केस धुते, आणि शक्य तिथे मूळ पदार्थाऐवजी तो शरीरात पचल्यावर तयार होणारा अवशेष शोधते. गांजाच्या बाबतीत असा अवशेष धुरात नसतो, तो शरीरातच तयार होतो. मात्र तो इतका थोडा असतो की मसुद्यातली पक्क्या चाचणीची मर्यादा केसाच्या एका मिलिग्रॅममागे ०.०५ पिकोग्रॅम होती. पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. कोकेनची मर्यादा त्याच मसुद्यात ५०० पिकोग्रॅम. कोकेनच्या बाबतीत धुऊनही सगळं निघतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

लघवीत गांजाची पहिली चाळणी मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमवर असते आणि पक्की चाचणी १५ वर. शेजारच्याच्या धुराने एवढं होणं फार कठीण, आणि तशी सबब चालतही नाही. रूममेट बदला.

खसखस खाल्ली तर?

हसू नका, हा आपल्या लोकांचा रास्त प्रश्न आहे. अनारसे, खसखशीची खीर, मटणाचं वाटण : आपल्या घरात खसखस येते. ती अफूच्याच बोंडातली, आणि तिच्यात मॉर्फिन-कोडीन किंचित असू शकतं. पूर्वी लघवीतली मर्यादा ३०० नॅनोग्रॅम होती, तेव्हा खसखस लावलेले पाव खाणारेही सापडत. १९९८ मध्ये ती २,००० केली. त्याच्या वर पण १५,००० च्या खाली असलं, तर निकाल पडताळणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे एमआरओला, गैरवापराची शारीरिक खूण दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणता येत नाही. १५,००० च्या वर गेलं तर खसखशीचा खुलासा ऐकूनच घेत नाहीत. दिवाळीच्या चार अनारशांनी तिथवर कुणी पोचत नाही, पण वाटीभर खीर आणि दुसऱ्या दिवशी तपासणी असा योग नको.

भांग? सीबीडी? भारतातून आणलेलं खोकल्याचं औषध?

भांग म्हणजे गांजाच, झाड तेच. होळीच्या थंडाईतली असो की महाशिवरात्रीच्या प्रसादातली, लघवीत ती गांजा म्हणूनच उतरते, आणि 'आमच्याकडे सरकारमान्य दुकानात मिळते' हा खुलासा इथे चालत नाही. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे, डॉक्टरने लिहून दिलाय, यानेही फरक पडत नाही. पोटाच्या काही आयुर्वेदिक चूर्णांत 'विजया' लिहिलेली असते, ती भांगच, तेव्हा डबीवरची यादी वाचा. सीबीडी, म्हणजे त्याच झाडातला नशा न आणणारा घटक; त्याच्या तेलाबद्दल परिवहन खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट बजावलं : त्या तेलात गांजाचा नशेचा घटक निघाला तर 'मी फक्त सीबीडी घेतलं' ही सबब ऐकली जाणार नाही.

कोडीनवालं खोकल्याचं औषध मात्र वेगळं. भारतात ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर घेतलं असेल आणि आजारासाठीच वापरलं असेल, तर एमआरओ ते ग्राह्य धरू शकतो. चिठ्ठी आणि दुकानाची पावती जपून ठेवा. आईने पिशवीत घातलेली बाटली हा पुरावा होत नाही.

लघवी खरंच पॉझिटिव्ह आली तर पुढे काय?

आधी एमआरओचा फोन येतो. तो उचला! अनोळखी नंबर म्हणून कापलेले फोन माझ्या परिचयाचे आहेत. औषधांचा खुलासा तिथेच करायचा असतो. निकाल कळल्यापासून ७२ तासांत तुम्ही ती दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायची मागणी करू शकता.

पॉझिटिव्ह कायम राहिलं तर त्या क्षणापासून गाडी बंद. व्यसनतज्ज्ञाकडे जावं लागतं, तो सांगेल ते शिक्षण किंवा उपचार पूर्ण करायचे, मग माणसासमोर लघवी देऊन निगेटिव्ह यायचं. त्यानंतर पहिल्या १२ महिन्यांत किमान सहा अचानक तपासण्या, तशाच समोर उभं राहून. तज्ज्ञाने ठरवलं तर त्या पाच वर्षांपर्यंत चालू शकतात. १८ नोव्हेंबर २०२४ पासून आणखी एक फास आवळला : नोंदवहीत 'मनाई' असलेल्याचं सीडीएलच राज्य सरकार काढून घेतं. पूर्वी लायसन्स खिशात राहायचं आणि कानाडोळा करणाऱ्या मालकाकडे काम मिळायचं.

त्या नोंदवहीतल्या पॉझिटिव्हांत निम्म्याहून जास्त गांजाचे आहेत. याचं एक कारण मी वर सांगितलंच : तो लघवीत सगळ्यात जास्त दिवस राहतो. सुट्टीत ओढून, आठवडाभराने पूर्ण शुद्धीत गाडी चालवणारा त्यात सापडतो. परवा मेथ घेऊन दोन रात्री जागा राहिलेला मात्र आणखी चार दिवसांनी सुटतो. रस्त्यावर मला जास्त भीती कुणाची वाटते, हे सांगायला नको.

लाळेची तपासणी आली म्हणतात?

नियम आला, जून २०२३ पासून लागू आहे. पण त्यासाठी निदान दोन प्रमाणित प्रयोगशाळा लागतात, एक मूळ नमुन्याला आणि एक फेरतपासणीला, आणि गाडी बराच काळ तिथेच अडून राहिली. लाळ ताजं सेवन दाखवते, माणसासमोर घेता येते आणि कुणाला पँट उतरवावी लागत नाही. तिन्हींतली माझी आवडती हीच.

खास शाम्पूने केस स्वच्छ होतात का?

पैसे वाया जातात. ब्लीच किंवा रंगाने प्रमाण थोडं घटतं, पण केस ब्लीच केलेले आहेत हे नमुना घेणाऱ्यालाही दिसतं.

मी कॅनडात राहतो. मला हे लागू आहे?

सीमा ओलांडून अमेरिकेत ट्रक आणत असाल तर पूर्ण लागू. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, म्हणून ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या मुलांची यातच फसगत होते.

अचानक तपासणीत माझं नाव वर्षात किती वेळा येऊ शकतं?

कितीही वेळा. २०२० पासून कंपनीला वर्षभरात चालकसंख्येच्या ५० टक्क्यांइतक्या तपासण्या कराव्या लागतात, पूर्वी त्या २५ टक्के होत्या. नावं संगणक काढतो आणि प्रत्येक वेळी सगळी चिठ्ठ्यांची बरणी पुन्हा भरलेली असते. आमच्याकडे एकाचं नाव ओळीने तीनदा आलं. तिसऱ्या वेळी तो माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, "सरजी, लॉटरीचं तिकीट पण तुमच्याच संगणकावरून काढून द्या." मी त्याच्या हातात फॉर्म ठेवला आणि लगेच निघायला सांगितलं. नाव कळल्यावर आधी जेवून येतो म्हणणं चालत नाही.